टाचेची फेरमोजणी

भूमी अभिलेख खात्यात भूकरमापक म्हणून चौतीस वर्षे नोकरी केल्यामुळे सातारा जिल्ह्यातील किती बांध माझ्या पायांखालून गेले असतील, याची गणती नाही. अशा माणसाच्या टाचेला कुरूप झाले तर कोणाला नवल वाटणार नाही, आणि मलाही वाटले नाही. निवृत्तीनंतरच्या पहिल्याच पावसाळ्यात बोटांच्या बेचक्यांतील चिखल्यांना मलम लावत असताना उजव्या टाचेच्या तळाला, जेथे शरीराचा भार थेट पडतो तेथे, मसुराएवढा काळसर डाग मला प्रथम दिसला. बाभळीचा काटा मोडून आत राहिला असेल, असे समजून मी सुईने तेथे कोरून पाहिले. काटा निघाला नाही आणि डागही गेला नाही.

पुढील दीड वर्षाचा हिशेब मला आजही बोचतो. औषधांच्या दुकानातून कॉर्न कॅप आणून मी ती पट्टी महिनोन्महिने चिकटवली. जवळच्या एका डॉक्टरांनी दोनदा ब्लेडने वरचा थर तासून काढला, मात्र तासलेला तुकडा तपासणीला पाठवावा असे त्यांना सुचले नाही आणि विचारावे असे मला सुचले नाही. त्यामुळे दोष एकट्या त्यांच्या माथी मारणे मला योग्य वाटत नाही. डाग या काळात रुपयाच्या नाण्याहून थोडा लहान एवढा वाढला, त्याची कड वेडीवाकडी झाली, एका बाजूला तो गडद काळा आणि दुसऱ्या बाजूला तपकिरी दिसू लागला, आणि चालून आल्यावर मोज्याला पाण्यासारखा ओलावा लागू लागला. दुखत मात्र कधीच नव्हते. खरे कुरूप दाबले की माणूस कळवळतो, हे मला ठाऊक असूनही न दुखण्याचा अर्थ मी उलटाच लावला.

दिवाळीला माहेरी आलेल्या मुलीने पाय धुताना तो डाग पाहिला आणि दुसऱ्याच दिवशी मला साताऱ्यात त्वचारोगतज्ज्ञ बाईंकडे नेले. त्यांनी डर्माटोस्कोप नावाचे छोटे भिंग डागावर टेकवले, बराच वेळ पाहिले आणि मग मोबाइलवर त्याचे छायाचित्र काढून मला दाखवले. हातापायांच्या तळव्यांवर रेषांच्या बारीक सऱ्या आणि त्यांच्यामधील वरंबे असतात. साध्या तिळाचा रंग बहुधा सरीत साठतो, माझ्या डागाचा रंग वरंब्यांवर पसरला होता. उसाच्या शेतात आयुष्य घालवलेल्या माणसाला हे समजावून सांगण्याची गरज नव्हती. त्यांनी चार मिलिमीटरचा तुकडा पंचने काढून तपासणीला पाठवला आणि आठ दिवसांनी अहवाल आला: अ‍ॅक्रल मेलॅनोमा, जाडी १.६ मिलिमीटर.

मेलॅनोमा हा गोऱ्या लोकांना उन्हामुळे होणारा कर्करोग आहे, एवढेच मी कोठेतरी वाचले होते. आपल्याकडे हा रोग एकंदरीत कमी आढळतो, पण आढळतो तेव्हा पुष्कळदा तळपाय, तळहात किंवा नखाखालची जागा धरतो आणि त्याचा उन्हाशी संबंध नसतो, हे मला त्या दिवशी कळले. कुरूप, चामखीळ, मार लागून साकळलेले रक्त किंवा न भरणारी जखम समजून त्याच्यावर उपचार होत राहतात आणि निदानाला उशीर होतो. जाडीचा आकडा महत्त्वाचा, कारण गाठीभोवतीची किती निरोगी कातडी काढायची हे त्याच्यावर ठरते. एक मिलिमीटरपर्यंत जाडी असेल तर चहूबाजूंनी एक सेंटिमीटर, दोनपेक्षा जास्त असेल तर दोन सेंटिमीटर, आणि मधल्या जाडीला एक ते दोन. पुण्याच्या ज्या रुग्णालयात मला पाठवण्यात आले, तेथील कर्करोग शल्यविशारदांनी दोन सेंटिमीटर घेण्याचे ठरवले. मी मनात बेरीज केली. दीड सेंटिमीटरचा डाग आणि दोन्ही बाजूंना दोन-दोन, म्हणजे साडेपाच सेंटिमीटर. माझ्या टाचेची रुंदी त्याहून फारशी जास्त नव्हती.

तेथेच मला प्रथम प्लास्टिक सर्जनकडे पाठवण्यात आले. प्लास्टिक सर्जरी म्हणजे नाक-डोळे सुंदर करणे, या समजुतीत मी होतो, त्यामुळे चुकीच्या खोलीत आलो की काय, असे वाटले. डॉक्टरांनी माझ्याच हाताच्या पाठीवरील कातडी चिमटीत धरून हलवायला सांगितली. ती सहज सरकली. मग टाचेची कातडी हलवायला सांगितली. ती तसूभरही सरकेना. टाचेच्या जाड कातडीपासून खालच्या हाडापर्यंत चिवट तंतूंचे पडदे गेलेले असतात आणि त्यांच्यामधल्या कप्प्यांत चरबी ठासून भरलेली असते. त्यामुळे पाऊल पडते तेव्हा धक्का पचतो आणि कातडी हाडावरून घसरत नाही. मांडीवरून पातळ पापुद्रा काढून टाचेवर लावला, तर खड्डा झाकला जाईल, पण भार पडताच तो पुन्हा पुन्हा फाटेल. अशा पापुद्र्याला ग्राफ्ट म्हणतात. त्याचा स्वतःचा रक्तपुरवठा नसतो, जेथे लावला तेथून तो जगण्यापुरते रक्त मिळवतो. फ्लॅप म्हणजे कातडी, तिच्याखालची चरबी आणि तिला पोसणारी रक्तवाहिनी असा एकत्र तुकडा, जो मूळ जागेशी असलेले नाते न तोडता दुसरीकडे फिरवला जातो.

पोटरीवरील कातडीचा फ्लॅप खाली फिरवणे हाही एक मार्ग होता, पण पोटरीची कातडी मऊ आणि सैल असल्याने ती टाचेवर सरकते, असे डॉक्टर म्हणाले. त्यांनी निवडलेली जागा तळपायाच्या कमानीची होती. कमान जमिनीला टेकत नाही, म्हणजे तेथील कातडी शरीराला एका अर्थाने उसनी देता येते. शिवाय ती तळव्याचीच कातडी असल्याने जात तीच आणि बांधणीही तीच. आतल्या घोट्यामागे बोट ठेवले असता जी नाडी लागते, तिची एक शाखा कमानीखालून जाते. तिच्यावर हा फ्लॅप जगतो आणि सोबत स्पर्शाच्या नसेचे बारीक धागेही आणता येतात. त्या दिवशी पेन्सिलीएवढ्या डॉपलर यंत्राने त्यांनी ती नाडी शोधली. भात्यासारखा हूश हूश आवाज जेथे जेथे आला तेथे तेथे त्यांनी जांभळ्या शाईने ठिपके दिले आणि ते जोडले. बिनचूक रेघ होती. ज्याने आयुष्यभर दुसऱ्यांच्या जमिनींवर खुणा केल्या, त्याच्या पायावर ती पडावी, याची मला गंमत वाटली. तंबाखू सोडल्याशिवाय हात लावणार नाही, हेही त्यांनी त्याच बैठकीत सांगितले. निकोटिनमुळे बारीक रक्तवाहिन्या आकसतात आणि फ्लॅप मरू शकतो. मोजणीच्या उन्हातान्हात लागलेली सवय मी तेथील कचऱ्याच्या डब्यात पुडीसकट टाकली.

शस्त्रक्रिया दोन टप्प्यांत झाली. पहिल्या टप्प्यात गाठ काढायची आणि जांघेतील ग्रंथी तपासायची होती. आपल्याकडे पायाला जखम झाली की जांघेत अवधाण येते, हे खेड्यातल्या पोरालाही माहीत असते. कर्करोगाच्या पेशी पायातून निघाल्या तर त्याच वाटेने जाऊन त्याच ग्रंथींत पहिल्यांदा थांबतात. सगळ्या ग्रंथी काढण्याऐवजी ज्या ग्रंथीत पायाचा निचरा पहिल्यांदा होतो तेवढीच शोधून काढतात. त्यासाठी सकाळी डागाभोवती किरणोत्सारी द्रव्याची इंजेक्शने दिली गेली. संपूर्ण उपचारात मी मोठ्याने ओरडलो तो फक्त तेव्हा, कारण तळपायात सुई शिरणे काय असते ते शब्दांत सांगता येण्यासारखे नाही. नंतर शस्त्रक्रियेच्या टेबलावर निळा रंगही टोचण्यात आला. दुसऱ्या दिवशी लघवी हिरवट निळी झाली, तेव्हा आधी कल्पना दिलेली असूनही मी घाबरून सिस्टरांना हाक मारली.

गाठ काढल्यावर लगेच फ्लॅप का लावला नाही, असे अनेकांनी मला विचारले. काढलेल्या तुकड्याच्या कडा सूक्ष्मदर्शकाखाली निर्मळ आहेत की नाहीत, याचा पक्का अहवाल यायला आठ-दहा दिवस लागतात. फ्लॅप लावून झाल्यावर कडेत रोग सापडला तर लावलेला फ्लॅप उचलून पुन्हा कापावे लागेल. मला हे फार पटले. वाद असलेल्या गटात हद्द कायम होण्याआधी घाईने बांध घालणारे किती जण नंतर तो बांध स्वतःच्या हाताने उकरताना मी पाहिले आहेत.

मात्र त्या अकरा दिवसांत माझ्या टाचेला मोठी वाटी पालथी बसेल एवढा खड्डा होता. त्यात काळा स्पंज बसवून वरून चिकट पारदर्शक कागद लावला होता आणि त्यातून निघालेली नळी एका लहान यंत्राला जोडलेली होती. ते यंत्र हवा ओढून जखम कोरडी आणि स्वच्छ ठेवी. दर चौथ्या दिवशी स्पंज बदलताना मी मान वळवत असे. एकदाच पाहिले. आत पिवळ्या चरबीवर डाळिंबाच्या दाण्यांसारखे लाल कोंब फुटलेले होते. सिस्टर म्हणाल्या, ‘‘काका, चांगलं आहे, जखम ताजी आहे.’’ मी त्यानंतर पाहिले नाही. अकराव्या दिवशी अहवाल आला. कडा आणि तळ दोन्ही निर्मळ होते आणि जांघेतून काढलेल्या दोन ग्रंथींत रोग नव्हता. पत्नीने तो कागद घडी करून पिशवीतल्या दासबोधाच्या पानांत ठेवला.

दुसरी शस्त्रक्रिया सुमारे चार तास चालली. कंबरेतून भूल दिल्यामुळे मी जागा होतो, पण छातीपाशी हिरवा पडदा असल्याने काही दिसत नव्हते. मांडीला पट्टा आवळून पायाचा रक्तप्रवाह थांबवतात, म्हणजे बारीक वाहिन्या आणि नसा स्वच्छ दिसतात. कमानीवरची कातडी तीन बाजूंनी मोकळी करायची, खालची नाडी घोट्याच्या दिशेने सोडवत न्यायची आणि मग तो तुकडा मागे टाचेवर फिरवायचा, असा तो क्रम होता. मध्येच लाकूड तासण्यासारखा आवाज आला. तो माझ्या मांडीवरून पापुद्रा काढणाऱ्या यंत्राचा होता, कारण कमानीची मोकळी झालेली जागा ग्राफ्टने झाकायची होती. शेवटी मांडीचा पट्टा सोडला आणि खोलीतील बोलणे एकदम थांबले. भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहत मी तीन मिनिटे मोजली. त्यानंतर पडद्यापलीकडून डॉक्टरांचा आवाज आला, ‘‘आला रंग.’’

या विद्येचा आणि पुण्याचा संबंध जुना आहे, हे मला वॉर्डात राउंडला आलेल्या एका तरुण निवासी डॉक्टरांनी सांगितले. इंग्रजांच्या सैन्यासोबत असलेल्या कावसजी नावाच्या गाडीवानाला टिपूच्या सैनिकांनी पकडून त्याचे नाक कापले होते. पुण्यात १७९३ च्या सुमारास एका देशी कारागीर वैद्याने त्याच्या कपाळावरील कातडी मुळाशी न तोडता खाली फिरवून नवे नाक केले. त्याचे सचित्र वर्णन ऑक्टोबर १७९४ मध्ये लंडनच्या जंटलमन्स मॅगझिनमध्ये छापून आले आणि तेथील शल्यविशारदांनी पुढे तीच रीत उचलली. त्या वैद्याचे नाव मात्र त्या मजकुरात नाही. दप्तरात गाडीवानाचे नाव राहिले आणि काम करणाऱ्याचे गळाले.

फ्लॅप लावून झाला म्हणजे काम संपले असे नव्हे, हे पहिल्या दोन रात्रींत समजले. ड्रेसिंगला एक खिडकी ठेवली होती. तेथून दर तासाला सिस्टर बॅटरीचा उजेड टाकून रंग पाहत, हाताच्या पाठीने ऊब पाहत आणि बोटाने दाबून सोडत. दाबलेली जागा पांढरी होऊन दोन-तीन सेकंदांत पुन्हा गुलाबी झाली पाहिजे. उशिरा झाली किंवा पांढरीच राहिली तर रक्त पोहोचत नाही, आणि फार पटकन होऊन निळसर दिसली तर रक्त आत येते पण बाहेर पडत नाही. माझ्या बाबतीत दुसऱ्या रात्री अडीचच्या सुमारास तो दुसरा प्रकार झाला. बाहेरची कड जांभळट दिसू लागली. निवासी डॉक्टर धावत आले, त्यांनी सुईने टोचून पाहिले, काळपट रक्ताचा थेंब आला. त्यांनी कडेचे तीन टाके तेथेच सोडले, पट्टी सैल केली आणि पायाखाली आणखी एक उशी घातली. अर्ध्या तासाने पुन्हा टोचले तेव्हा रक्त लालभडक होते. पुढे त्या कडेची बोटाच्या पेराएवढी पट्टी काळी पडून वाळली आणि महिनाभर ड्रेसिंग करून भरून आली. बाकीचा फ्लॅप जगला. त्या रात्री पत्नी खुर्चीवर बसून होती आणि मी तिला झोप म्हणालो नाही, कारण ती झोपली नसती.

सर्वात जास्त दुखली ती मांडी. पापुद्रा काढलेली जागा म्हणजे दुचाकीवरून घसरून सोलवटल्यासारखी असते, फक्त तळहाताएवढी. तिच्यावर लावलेली जाळीदार पट्टी कोणीही ओढायची नसते, खालची कातडी आली की ती आपोआप सुटते. माझी चौदाव्या दिवशी सुटली. कमानीवरचा ग्राफ्ट पाचव्या दिवशी उघडला. त्याच्यावर कापसाचा बोळा टाक्यांनी बांधून ठेवला होता, जेणेकरून खालच्या मांसाशी तो घट्ट चिकटून राहावा. एक कोपरा सोडून सगळा लागला होता.

नवव्या दिवशी घरी सोडले. पाय हृदयापेक्षा उंच ठेवायचा आणि सहा आठवडे जमिनीला टेकवायचा नाही, या दोन सूचना ऐकायला सोप्या होत्या. आमचे घर जुने, शौचालय अंगणापलीकडे आणि भारतीय पद्धतीचे. सुनेने शेजाऱ्यांकडून कमोडची खुर्ची आणली आणि ती माजघरात ठेवावी की पडवीत, यावर घरात दोन दिवस चर्चा झाली. शेवटी पडवीत, पडदा लावून. वॉकरवर एका पायाने उड्या मारत जाताना डाव्या गुडघ्याने जी तक्रार सुरू केली ती अजून थांबलेली नाही. ज्यांच्या घरी अशी शस्त्रक्रिया व्हायची असेल त्यांनी खुर्ची, वॉकर आणि अंथरुणाशेजारचा दांडा रुग्णालयात जाण्यापूर्वीच आणून ठेवावा.

तीन आठवड्यांनी टाके काढल्यावर पाय खाली सोडण्याचा सराव सुरू झाला. पलंगाच्या कडेवर बसून पाच मिनिटे पाय लोंबता सोडायचा आणि पुन्हा वर घ्यायचा. पहिल्या दिवशी दोन मिनिटांत फ्लॅप वांग्यासारखा जांभळा झाला आणि मी घाबरून पाय वर ओढला. नव्या जागी रक्त वर चढवण्याची सवय वाहिन्यांना हळूहळू लागते. पाचाची दहा, दहाची वीस मिनिटे करत पंधरा दिवसांत तो रंग लालसरपणावर आला. सातव्या आठवड्यात वॉकर धरून मी प्रथम टाच टेकवली. कुष्ठरोग आणि मधुमेहाच्या रुग्णांना देतात तसल्या मऊ एमसीआर रबराच्या चपला मला करून दिल्या आणि घरातही अनवाणी चालायला मनाई केली. आधाराशिवाय चालायला साडेतीन महिने लागले.

टाचेवरून बोट फिरवले की स्पर्श कमानीत जाणवतो, हा माझ्या पायाचा सर्वात विलक्षण भाग आहे. कातडीसोबत आलेली नस मेंदूला अजूनही जुनाच पत्ता सांगते. डोळे मिटून बसलो असता नातीने पेन्सिलीने टाच टोचली आणि कोठे टोचले असे विचारले, तर मी कमानीकडे बोट दाखवले. जमीन सरकली तरी सात-बारावर जुनाच गट नंबर, असा हा प्रकार. वर्ष उलटल्यावर हा गोंधळ कमी झाला आहे, पण थंडीत पहाटे पाय जमिनीला टेकवताना अजूनही क्षणभर कमान जमिनीला लागल्याचा भास होतो. खऱ्या कमानीवरचा ग्राफ्ट काळपट आणि बधिर आहे.

पहिली दोन वर्षे दर तीन महिन्यांनी तपासणी असते. जांघ चाचपतात, तिची सोनोग्राफी करतात आणि सगळ्या अंगावरचे तीळ पाहतात. मधल्या काळात मी स्वतः आरसा जमिनीवर ठेवून तळवा पाहतो. फ्लॅप आणि जुनी कातडी जेथे शिवलेली आहे त्या रेषेवर कातडी जाड होऊन कडक होते, आणि ती कडा हाताला लागली की दर वेळी माझ्या पोटात गोळा येतो. गेल्या भेटीत मी ती साताऱ्याच्या बाईंना दाखवली. त्यांनी दिवा ओढून घेतला, भिंग टेकवून शिवणीचा एकेक भाग पाहिला, मग ब्लेड काढले आणि कडक थर हळूहळू तासून गॉजच्या तुकड्यावर ठेवला. पांढरी, खडूच्या भुकटीसारखी साल होती. ‘‘काका,’’ त्या म्हणाल्या, ‘‘हा मात्र खरा घट्टा आहे.’’